स्पॅनिश कथा थेट मराठीत आणताना: सडा, खापरी आणि ‘आम्ही-आपण’चा पेच

सड्यावरची

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीजवळच्या एका वाडीतली. स्पॅनिश भाषा आणि साहित्य या विषयात एम.ए.च्या शेवटच्या सत्राला आहे. विद्यापीठ फार लांब असल्यामुळे वर्षातून दोनदाच घरी येणे होते, आणि या वेळी मे महिन्याच्या सुटीत येताना एक अर्धवट राहिलेले काम बरोबर आणले आहे. स्पॅनिश जाणणारे येथे मोजकेच असतील याची मला कल्पना आहे. मला मदत हवी आहे ती मराठीची, त्यातही जमिनीच्या मराठीची.

हुआन रुल्फो या मेक्सिकन लेखकाचा ‘एल यानो एन यामास’ हा कथासंग्रह १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ‘नोस आन दादो ला त्येर्रा’ ही छोटी कथा आम्ही प्रत्येकाने आपापल्या मातृभाषेत थेट स्पॅनिशमधून आणायची आहे, आणि जिथे शब्द अडला तिथे तो का अडला याचे टिपण स्पॅनिशमध्ये लिहायचे आहे. बाईंनी एकच अट घातली आहे: इंग्रजी भाषांतर उघडायचे नाही. बी.ए.ची पहिली दोन वर्षे क्रियापदांची रूपे घोटण्यात गेली, तिसऱ्या वर्षी १५५४ सालच्या ‘लासारियो दे तोर्मेस’पासून लोर्काच्या नाटकांपर्यंत बरेच वाचून झाले, पण खरे सांगायचे तर ते सगळे मी मनातल्या मनात इंग्रजीत वाचत होते, हे या अटीमुळे पहिल्यांदा लक्षात आले.

कथा अशी आहे. मेक्सिकोत क्रांतीनंतर १९१७ च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमाच्या आधारे मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून शेतकऱ्यांना वाटण्याचे काम सुरू झाले, आणि १९३४ ते १९४० या लासारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत त्याला सर्वाधिक वेग आला. या कथेतल्या माणसांनाही जमीन मिळालेली आहे आणि ती तुडवत ते सकाळपासून चालत आहेत. अकराच्या सुमारास ते विसाच्या वर होते, मूठमूठ करून पांगत गेले, आता दुपारचे चार वाजले आहेत आणि चौघेच उरले आहेत. पूर्वी त्यांच्याकडे घोडे आणि बंदुका होत्या, त्या काढून घेतल्या गेल्या. वाटेत पाण्याचा एक टपोरा थेंब पडतो, मातीत भोक पाडतो आणि थुंकी पडावी तसा गोळा मागे ठेवतो. दुसरा पडतच नाही. त्यांना नदीकाठची जमीन हवी होती, मिळाला तो हा ‘यानो’. नांगर चालणार नाही असे म्हटल्यावर सरकारी प्रतिनिधी त्यांना ते लेखी मांडायला सांगतो, आणि हल्ला करायचा तो ‘लातिफुंदियो’वर, म्हणजे बड्या जमीनदारीवर करा, जमीन देणाऱ्या सरकारवर नव्हे, असे वर ऐकवतो.

ही कथा मी वसतिगृहात वाचली तेव्हा मला मेक्सिको दिसलाच नाही. आमच्या घरामागची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून वर गेले की जो सडा, म्हणजे उघड्या कातळाचा माळ, लागतो, तो दिसला. कोशात ‘यानो’चा अर्थ मैदान, माळ असा मिळतो. मी ‘सडा’ लिहिले आणि मग हात थबकला. पुढे निवेदक त्या जमिनीला ‘तापलेला कोमाल’ म्हणतो. कोमाल म्हणजे मक्याच्या भाकऱ्या भाजण्याचे मातीचे पसरट भांडे. तिथे ‘तवा’ म्हणू की आणखी काही? आणि सर्वांत मोठी अडचण शीर्षकातल्या पहिल्याच शब्दाची आहे. ‘नोस’ म्हणजे ‘आम्हाला’ की ‘आपल्याला’? स्पॅनिशमध्ये हा भेदच नाही.

निवृत्त_तलाठी

ताई, धागा वाचून पस्तीस वर्षांची नोकरी डोळ्यांसमोरून गेली. स्पॅनिशचे मला एक अक्षर कळत नाही, तेव्हा माझ्या अधिकारापुरते बोलतो.

आपल्याकडे जमिनीला नुसते ‘जमीन’ असे कोणी म्हणत नाही. नदीकाठचा मळा वेगळा, खाडीलगतचे खाजण वेगळे, डोंगरउतारावरची नाचणी-वरीची वरकस वेगळी, आणि सर्वे नंबरातला जो तुकडा लागवडीस अयोग्य ठरतो तो सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागतो. तुमच्या कथेतल्या माणसांना मळा हवा होता आणि त्यांच्या हातात सगळाच्या सगळा पोटखराबा पडला, असे मला दिसते. हा शब्द शीर्षकात शोभणार नाही, परंतु पात्रांच्या तोंडी एकदा तरी येऊ द्या. ‘पोट’ आणि ‘खराबा’ हे दोन्ही शब्द त्या माणसांना लागू आहेत.

दुसरे, त्या साहेबाचे वाक्य. ‘ते लेखी मांडा’ असे कोणताही साहेब बोलत नाही. ‘तसे लेखी द्या’ असे तो बोलतो, आणि ते बोलताना मान वर करीत नाही. मी स्वतः हे वाक्य किती वेळा उच्चारले असेल याचा हिशेब नाही.

सड्यावरची

काका, ‘तसे लेखी द्या’ लगेच उचलते. मूळ वाक्यात आज्ञार्थाचे अनेकवचनी, आदरार्थी रूप आहे. त्यातला आदर किती कोरडा आहे ते मला मराठीत दाखवता येत नव्हते. तुमच्या ‘द्या’ने ते साधले.

देवगडचा

‘सडा’ला माझा विरोध आहे, आणि तो सड्यावरच राहून करतो आहे.

कथेत सडा याचा अर्थ काहीही न उगवणारी जमीन असा हवा आहे. आमच्याकडे आज सडा म्हटले की हापूसची कलमे डोळ्यांसमोर येतात. कातळ फोडून खड्डे घेतात, बाहेरून माती आणून भरतात, आणि त्यात कलम लावतात. ज्याच्याकडे सड्यावर दोन-तीनशे कलमे आहेत त्याची कीव कोणीही करणार नाही. तुमच्या कथेतली माणसे सडा मिळाला म्हणून रडू लागली तर देवगडचा वाचक म्हणेल, यांना झाले आहे तरी काय? सुरुंग आणि माती यांचे पैसे ज्याच्याजवळ नाहीत त्याच्या दृष्टीने तो नुसता कातळ असतो, हे खरे आहे. म्हणून ‘कातळ’ म्हणावे. कातळात पैसा दिसत नाही, दगडच दिसतो.

सड्यावरची

हा मुद्दा माझ्या ध्यानातही आला नव्हता. मूळ कथेत अगदी असाच एक तपशील आहे: बी पेरायचे तर कुदळीने भोके पाडावी लागतील आणि तरीही काही उगवेल याची खात्री नाही, असे ते साहेबाला सांगतात. म्हणजे कातळ फोडणे त्यांनाही ठाऊक आहे, फक्त त्यांच्याकडे कुदळीपलीकडे काही नाही. ‘सडा’ लिहून मी माझे घर त्या कथेत घुसवत होते की काय, अशी शंका आता येते.

मास्तरीणबाई_पुणे

मी काही वर्षे महाविद्यालयात स्पॅनिश शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

घर घुसवण्याची भीती बाळगू नका; घर घुसल्याशिवाय असे वाचन होतच नाही. प्रश्न फक्त ते कोणत्या खोलीत बसवायचे याचा आहे. तुमच्या शिक्षिकेने इंग्रजी बंद करून उत्तम केले, कारण या कथेच्या बाबतीत मराठी ही इंग्रजीपेक्षा स्पॅनिशच्या कितीतरी जवळ जाते. कथेच्या पहिल्याच वाक्यात, झाडाची सावली नाही, झाडाचे बी नाही, कशाचे मूळसुद्धा नाही अशा कितीतरी तासांच्या चालीनंतर कुत्र्यांचे भुंकणे येते, आणि तिथले क्रियापद आहे ‘से ओये’. कोण ऐकतो हे तिथे सांगितलेलेच नाही. इंग्रजीत कोणीतरी ऐकणारा आणून उभा करावा लागतो किंवा वाक्य वाकवावे लागते. मराठीत ‘ऐकू येते’ म्हटले की काम झाले. भुंकणे आहे, कान कोणाचा ते महत्त्वाचे नाही, कारण इतके चालून झाल्यावर त्या माणसांना आपण वेगवेगळे आहोत याचेही भान उरलेले नाही.

आता शीर्षक पाहू. ‘आन दादो’ म्हणजे ‘दिली आहे’. काळ जसाच्या तसा जुळतो. मात्र ‘आन’ या रूपात तृतीयपुरुषी अनेकवचन दडलेले आहे. देणारे ‘ते’ कोणीतरी आहेत, त्यांचे नाव घेतलेले नाही इतकेच. मराठीत ‘जमीन दिली आहे’ असे म्हणताना क्रियापद जमिनीच्या लिंगावर आणि वचनावर चालते, आणि देणारा वाक्यातून साफ नाहीसा होतो. स्पॅनिशमध्ये सरकार निदान प्रत्ययापुरते तरी हजर आहे. मराठीत तेही नाही. हा तोटा आहे की लाभ यावर तुम्ही दोन पाने टिपण लिहू शकाल, आणि मी परीक्षक असते तर तीच दोन पाने प्रथम वाचली असती.

‘आम्ही-आपण’चे उत्तर मी देणार नाही. फक्त एवढे पाहा की ‘नोस’ कोण कोणाशी बोलताना येतो. साहेबासमोर ‘आपल्याला’ शक्यच नाही. पण मेलितोन हे पात्र चालता चालता सोबत्यांना म्हणते की हीच ती आपल्याला दिलेली जमीन, तेव्हा ‘आम्हाला’ म्हटले तर तो सोबत्यांपासून तुटेल. एकच स्पॅनिश शब्द, आणि मराठीत प्रत्येक वेळी ठरवावे लागणार आहे की त्या क्षणी ही माणसे एकत्र आहेत की नाहीत.

रेवदंडेकर

कोमालसाठी ‘तवा’ नको, ‘खापरी’ घ्या. तवा लोखंडाचा किंवा बिडाचा, खापरी मातीची. आमच्या आजीच्या चुलीवर होती. तापलेल्या खापरीवर पाण्याचा थेंब टाकला की तो चुर्र करून नाहीसा होतो, आणि तुमच्या कथेत तर एक थेंब पडतोच आहे.

जाता जाता: समोरच्या कोर्लईत ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली बोलतात, तिला तेथील लोक ‘नौ लिंग’ म्हणजे आमची भाषा म्हणतात. पोर्तुगीजांनी १७४० साली चौल-रेवदंडा सोडले, बोली मात्र राहिली. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण असल्यामुळे आपल्या मेज, पगार, चावी, साबण या शब्दांची भावंडे तुम्हाला तिथे रोज भेटत असतील.

मास्तरीणबाई_पुणे

चावी आणि साबण भेटतात, पण वेश बदलून. चावीचे स्पॅनिश भावंड ‘यावे’. लॅटिनमधला शब्दारंभीचा ‘क्ल’, ‘प्ल’, ‘फ्ल’ स्पॅनिशमध्ये बहुधा ‘य’सारखा झाला. ‘प्लानुस’चा ‘यानो’ झाला आणि ‘फ्लामा’ची ‘यामा’, म्हणजे ज्वाळा. रुल्फोच्या संग्रहाच्या नावात हे दोन्ही शब्द शेजारी बसतात, आणि तो माळ पेटलेला आहे हे अर्थाआधी कानाला कळते. गंमत अशी की ‘प्लानुस’चेच दुसरे, पोथीतून उचललेले रूप ‘प्लानो’ स्पॅनिशमध्ये चित्रपटाच्या एका शॉटसाठी वापरतात.

नोकरीचे_काय

सर्व ठीक आहे, परंतु ही पदवी घेऊन पुढे काय करणार? प्रामाणिक प्रश्न आहे, राग मानू नये.

सड्यावरची

राग नाही, हा प्रश्न घरी रोज येतो. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे, अनुवाद आणि अध्यापन यांत काम मिळते, आणि सेर्वांतेस संस्थेच्या परीक्षांचे प्रमाणपत्र जगभर चालते. धाग्याचा विषय तो नसल्यामुळे इतकेच.

चरीजवळचा

‘लातिफुंदियो’बद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. माझ्या मते येथे ‘खोती’ याशिवाय दुसरा शब्द घेऊच नये. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली संप पुकारला आणि वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवल्या, पण खोतापुढे नमते घेतले नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडले. कोकणातल्या वाचकाच्या कानाला या एका शब्दात जो इतिहास ऐकू येतो, तो ‘जमीनदारी’ या शब्दात ऐकू येणार नाही. ‘खोतीवर हल्ला करा, सरकारवर नव्हे’ हे वाक्य वाचताच आमच्याकडचा म्हातारा माणूस ताठ बसेल.

निवृत्त_तलाठी

आपला राग मला मान्य आहे, शब्द मान्य नाही. खोत हा मुळात सरकारसाठी सारा वसूल करणारा वतनदार होता. जमिनीची मालकी आणि वसुलीचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या असून त्या एकमेकींत मिसळल्यामुळेच तर कोकणात इतके दावे चालले. ताईंनी सांगितल्यावरून लातिफुंदियो ही अफाट खासगी मालकी दिसते. तिथे खोती लिहिणे म्हणजे चुकीच्या रकान्यात नोंद घालणे होय.

चरीजवळचा

कुळाला रकाना दिसत नव्हता, खोत दिसत होता.

सड्यावरची

याच लेखकाच्या १९५५ सालच्या ‘पेद्रो पारामो’ या कादंबरीतल्या गावदांडग्याला समीक्षक ‘कासिके’ म्हणतात. तो शब्द स्पेनचा नव्हे, कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, त्यांच्या प्रमुखासाठीचा आहे. स्पॅनिशांनी तो उचलला आणि गावावर जरब बसवणाऱ्या धनदांडग्याला लावला. तिथे मला ‘खोत’ चालेल असे वाटते, कारण कादंबरीतल्या दहशतीला कागदाची गरज नाही. या कथेत मात्र बोलणारा सरकारी माणूस आहे आणि तो कागदाचीच भाषा बोलतो. म्हणून येथे ‘जमीनदारी’ घेते, आणि दोघांचे म्हणणे टिपणात देते.

पडदा

कथेबरोबर एखादा चित्रपटही जोडायचा असतो ना? कोणता घेतला आहे? आमच्या फिल्म सोसायटीत मेक्सिकन चित्रपटांवर थोडी चर्चा झाली होती म्हणून विचारतो.

सड्यावरची

हो, तो निम्मा भाग आहे. मी लुईस बुन्युएल यांचा १९५० सालचा ‘लोस ओल्विदादोस’ घेतला आहे. कथेतली माणसे त्या माळावरून निघून शहरात गेली असती तर त्यांची मुले मेक्सिको शहराच्या ज्या गल्ल्यांत वाढली असती, त्या गल्ल्यांचा हा चित्रपट आहे, अशी माझी मांडणी आहे.

पडदा

निवड उत्तम आहे. प्रदर्शित झाल्यावर देशाची बदनामी केली असा गदारोळ झाला आणि काही दिवसांतच तो उतरवण्यात आला. पुढच्या वर्षी कान महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. तिथे कवी ओक्ताव्हियो पास यांनी त्याच्या समर्थनार्थ स्वतः लिहिलेला मजकूर छापून वाटला होता. हेच पास १९६२ ते १९६८ या काळात दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते.

छायाचित्रणाकडे विशेष लक्ष द्या. त्याचे छायाचित्रकार गाब्रिएल फिगेरोआ हे भव्य ढग आणि देखण्या माळांसाठी प्रसिद्ध होते. पुढे ‘नासारिन’च्या वेळी त्यांनी ज्वालामुखीचे शिखर मागे ठेवून एक सुंदर चौकट रचली, आणि बुन्युएल यांनी कॅमेरा फिरवून सामान्य दृश्याकडे वळवला, असा किस्सा सांगतात. मला हा किस्सा आपल्या कोकणासाठी फार महत्त्वाचा वाटतो. मराठी पडद्यावरचा कोकण बहुधा जुलैतला असतो: हिरवा, ओला, धबधबे सोडणारा. मे महिन्यातला काळाठिक्कर सडा, ज्यावर दुपारी चप्पल वितळते, तो कोणी दाखवत नाही. फिगेरोआ यांनीच १९६७ साली ‘पेद्रो पारामो’वरचा पहिला चित्रपट टिपला, रोद्रिगो प्रिएतो यांचा २०२४ सालचाही मिळाल्यास पाहा, दोन्हींत माळ कसा दिसतो याची तुलना करता येईल. रुल्फो स्वतः उत्तम छायाचित्रकार होता, हेही विसरू नका.

सड्यावरची

काल दुपारी चार वाजता मुद्दाम सड्यावर गेले. आई ओरडत होती, तरी गेले. कथेतल्यासारखे पहाटेपासून चालण्याची छाती नव्हती. पाखाडीच्या वरच्या टोकापासून गडग्यापर्यंत जाऊन परत आले. जे समजले ते असे की तिथे बोलावेसे वाटत नाही. कथेतही निवेदक म्हणतो की उष्म्याने बोलण्याची इच्छा संपली, शब्द तोंडातच तापतात. मी हे वाक्य आधी अलंकार समजून भाषांतरित केले होते आणि म्हणून त्यात नटवेपणा आला होता. आता ते साधे करून लिहिले आहे.

परत येताना खालून, आगरातून, कोणाच्या तरी कुत्र्याचे भुंकणे ऐकू आले. ‘ऐकू आले’ हेच लिहिले जाते, पाहा.

शब्द ठरवले आहेत. निवेदनात ‘माळ’, कारण तो कुठलाही असू शकतो. पात्रांच्या बोलण्यात ‘कातळ’. कोमालसाठी ‘खापरी’. पोटखराबा एकदाच, मेलितोनच्या तोंडी. शीर्षक मेलितोनच्या वाक्याशी जोडून ‘आपल्याला जमीन दिली आहे’ असे ठेवते. मात्र अखेरीस चौघे गावात उतरतात, त्यांतला एस्तेबान आपली कोंबडी घेऊन वेगळ्या वाटेने निघून जातो, आणि मग येणाऱ्या शेवटच्या वाक्यात ‘आम्हाला’ केले आहे, कारण तिथे ‘आपण’ म्हणावे असे कोणी उरलेले नाही. ते वाक्य असे: ‘आम्हाला दिलेली जमीन तिकडे वर आहे.’ फक्त ‘तिकडे वर’ मला थोडे लंगडे वाटते.

निवृत्त_तलाठी

मला लंगडे वाटत नाही. वाडी खाली आणि सडा वर, यात सांगण्यासारखे आणखी काय असते?

देवगडचा

आमच्या घरात म्हणायचे झाले तर: ‘आमका दिलेली जमीन थंय वयर आसा.’ आणि म्हणताना हात वर होत नाही, नुसती हनुवटी उचलली जाते.

सड्यावरची

हनुवटी टिपणात लिहिते.